दूध-शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेलं मूल देवाधर्माच्या घरात कसं वाढवावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या सुदामा नगरात राहणाऱ्या एका आईचा साडेपाच वर्षांचा मुलगा. त्याला दूध आणि शेंगदाणे या दोन्हींची तीव्र ॲलर्जी आहे. मागच्या श्रावणात शेजारच्या सत्यनारायणाला कुणीतरी त्याच्या हातावर शिरा ठेवला, त्याने तो तोंडात टाकला, आणि थोड्याच वेळात ओठ सुजले, उलट्या सुरू झाल्या, दवाखान्यात पळावं लागलं. तेव्हापासून आई त्याला कुठल्याच पूजेला नेत नाही. सासूबाई म्हणतात, देवाच्या प्रसादाने कुणाचं वाईट होत नसतं, विश्वास कमी पडला. मुलगा विचारतो, "बाप्पा माझ्यावर रागावलाय का?" आईला त्याला श्रद्धेतच वाढवायचं आहे. खजराण्याच्या गणपतीला तिने नवसही बोलला आहे. घरात पाच महिन्यांची धाकटी आहे, आणि आता तिच्या उष्टावणाचीसुद्धा धास्ती वाटते.

ताई, मी इथेच इंदूरमध्ये लहान मुलांची डॉक्टर आहे आणि ॲलर्जीची मुलं बघण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. देवघर माझ्याही घरात आहे. "देवाधर्माचं राहू द्या, आधी जीव सांभाळा" असं तुम्हाला आतापर्यंत चार जणांनी सांगितलं असेल. मी ते सांगणार नाही, कारण तुम्ही तसं जगणार नाही आणि जगावं असं मलाही वाटत नाही. माझं म्हणणं एवढंच की मुलाला पूजेतून बाजूला काढू नका, नैवेद्य बदला. आणि त्याच्या शरीरावर श्रद्धेची परीक्षा कधी घेऊ नका. दुसऱ्या कुणालाही घेऊ देऊ नका.

आधी सासूबाईंचं वाक्य. त्या ते मनापासून म्हणतात, नातवावर त्यांचा जीव आहे, हे धरूनच पुढे जाऊ. दुधात केसिन आणि व्हे या गटांतली प्रथिनं असतात. तुमच्या मुलाच्या शरीरातले पहारेकरी त्यांना चोर समजतात आणि दिसताक्षणी सगळ्या घराला आग लावून बसतात. दूध उकळल्याने हे प्रथिन नाहीसं होत नाही, नैवेद्य दाखवल्यानेही होत नाही. सत्यनारायणाच्या शिऱ्यात दूध आणि तूप सव्वाच्या मापाने पडतं. त्या दिवशी जे झालं ते त्या दुधामुळे झालं. देवाने काही केलं नाही आणि तुमचा विश्वासही कुठे कमी पडला नाही. हे वाक्य सासूबाईंसमोर मोठ्याने म्हणा, पण भांडणात नको. दुपारी दोघी निवांत असाल तेव्हा म्हणा.

दुधाबद्दल तुम्हाला आणखी दोन गोष्टी हमखास ऐकाव्या लागतील. पहिली, "देशी गाईचं दूध द्या, ते ए-टू असतं." ए-वन आणि ए-टू यांच्यात बीटा-केसिनच्या लांब साखळीतल्या एका अमिनो आम्लाचा फरक आहे. ॲलर्जीच्या मुलाला दोन्ही सारखीच घातक. शेळीच्या दुधाचंही तेच. गाईचं दूध न चालणाऱ्या दहापैकी निदान नऊ मुलांना शेळीचंही चालत नाही, आणि म्हशीचंही चालणार नाही असंच धरून चाला. दुसरी, "साजूक तुपात कुठे दूध असतं?" तूप कितीही नीट कढवलं, गाळलं, तरी त्यात दुधाच्या प्रथिनांचा अंश राहू शकतो, आणि तीव्र ॲलर्जीच्या मुलाला तेवढाही पुरतो. तुपाचं निरांजन लावायला मात्र मी कुणाला मनाई करत नाही. ते मुलाच्या हाताशी नसावं, इतकंच. अंगाला दूध लागलं तर बहुतेक मुलांना त्याच जागी पित्त उठतं आणि धुतल्यावर बसतं. खरा धोका तोंडात गेल्यावर. म्हणून अभिषेक त्याने पाण्याने करावा. महादेवाला पाणी आणि बेल चालतो हे सासूबाईंना मी सांगण्याची गरज नाही.

आता प्रसाद. इथे थोडं थांबायला हवं.

सत्यनारायणाच्या कथेत कलावती प्रसाद न घेताच नवऱ्याला भेटायला धावते आणि नाव दिसेनाशी होते. लहानपणापासून ही कथा ऐकत आलेल्या बाईच्या मनात, प्रसादाला नाही म्हटलं की घरावर काहीतरी येईल, ही भीती किती खोल रुतलेली असते ते मी अनेक आज्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. त्या भीतीला अडाणीपणा म्हणून उडवून लावलंत तर सासूबाई तुमच्या पाठीमागे मुलाच्या जिभेवर कणभर प्रसाद ठेवतील. वाईट हेतूने नव्हे, त्याला वाचवायला ठेवतील. अशा कणभर प्रसादाने आलेली मुलं मी तपासली आहेत. म्हणून त्याच कथेतली दुसरी ओळ त्यांच्यासमोर ठेवा. प्रसादाचं साहित्य सांगताना कथा स्वतःच म्हणते की गव्हाचं पीठ नसेल तर तांदळाचं घ्यावं, साखर नाही तर गूळ घ्यावा. रेवाखंडातली, म्हणजे आपल्या नर्मदेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भागातली म्हणून ही कथा सांगितली जाते, आणि तिच्यातच पर्यायाची सोय आहे. पूजेतही तेच. दागिने नसले की गुरुजी "अलंकारार्थे अक्षतान् समर्पयामि" म्हणतात आणि पूजा पुढे जाते, अपुरी राहत नाही. गीतेच्या नवव्या अध्यायात देव पान, फूल, फळ आणि पाणी मागतो. त्यात दूध नाही, काजू तर नाहीतच. आणि कलावतीचं म्हणाल, तर ती प्रसाद विसरून धावली. तुमचं लेकरू हात जोडून समोर बसलेलं आहे.

तेव्हा तुमच्या घरातल्या प्रत्येक पूजेचा नैवेद्य असा करा की तो तुमच्या मुलाला पोटभर खाता येईल आणि सगळे तोच खातील. शिरा तांदळाच्या रव्याचा, गुळाचा, केळं घालून, नारळाच्या दुधात, खोबरेल तेलावर परतलेला. उकडीच्या मोदकाच्या सारणात ओलं खोबरं आणि गूळच असतो, उकडीत तुपाऐवजी तेल घाला. पेढे आणि खव्याचे मोदक घरात आणूच नका. "त्याच्यासाठी वेगळी वाटी" हा मार्ग बहुतेक घरं निवडतात. मला तो पटत नाही. एक तर दोन प्रसाद शेजारी असले की चमचा इकडचा तिकडे जातो. दुसरं, सगळ्यांच्या हातावर एक आणि आपल्या हातावर भलतंच, हे पाच वर्षांच्या मुलाला फार बोचतं. उलट, जो नैवेद्य त्याने स्वतः दाखवला, पानाभोवती स्वतः पाणी फिरवलं, आणि मग सगळ्यांना वाटला, त्या प्रसादाचा तो मालक होतो. वाटायचं काम त्यालाच द्या. पाहुणे त्याच्या हातून घेतील.

पंचामृतावर सासूबाई अडतील. अडू द्या. देवाच्या स्नानापुरतं ते झाकणाच्या भांड्यात राहू द्या, ज्यांना घ्यायचं त्यांनी घेऊन साबणाने हात धुवावेत, आणि मुलाला तीर्थ म्हणून तुळशीचं पाणी वेगळ्या पळीने. घरात नर्मदेचं पाणी असेल तर तीर्थाला दुसरं काय हवं!

माझा अनुभव असा की या सगळ्याची पहारेकरी आजीपेक्षा चांगली कुणी होऊ शकत नाही. ॲलर्जीच्या दवाखान्यात नव्या आईला एक गोष्ट समजावताना आम्हाला घाम फुटतो. दुधाचा चमचा भातात गेला तर तो भात गेला. शेंगदाण्याचं कूट केलेल्या हाताने कणीक मळायची नाही. पुसलेलं भांडं म्हणजे धुतलेलं भांडं नव्हे. चव बघून उरलेलं परत पातेल्यात टाकायचं नाही. तरुण आईला हे शिकायला महिने लागतात. सोवळ्यातला स्वयंपाक केलेल्या बाईला हे सगळं जन्माचं ठाऊक असतं. उष्टं, खरकटं, कशाला काय लागलं, कोणता हात कुठे लागला, याचा हिशेब तिच्या डोक्यात आपोआप चालू असतो. सोवळ्याच्या नावाखाली माणसांना दूर ठेवलं गेलं, तो अन्याय होता, आणि तो परत आणायची भाषा मी करत नाही. मी भांडी, चमचे आणि हात यांच्या शिस्तीबद्दलच बोलते आहे. सासूबाईंना म्हणा, "आई, बाळाचा स्वयंपाक आणि देवाचा नैवेद्य आता एकाच सोवळ्यात. दूध आणि दाण्याचा हात तिथे लागायचा नाही. हे तुम्हीच सांभाळायचं." त्यांच्याकडे अधिकार जाऊ द्या. सूनबाईच्या हट्टापुढे नमतं घ्यावं लागलं असं त्यांना वाटलं तर काही टिकणार नाही. देवासाठी राखलेलं सोवळं मात्र टिकेल. एक जपा: दूर ठेवायचं ते दूध आणि दाणे. मुलाला कुणी दूर सारलं, "तू तिकडे बस, तुला चालत नाही" म्हटलं, तर तिथेच शांतपणे थांबवा.

वर्षभराचे सण एकदा बसून डोळ्यांखालून घाला. आपल्या लोकांत सगळ्यांत कठीण उपवास. लहान मुलाला उपवास नसतोच, पण घराला असतो, आणि उपवासाचं स्वयंपाकघर म्हणजे शेंगदाण्याचं स्वयंपाकघर. खिचडीत कूट, थालिपिठात कूट, आमटी दाण्याची, काकडीच्या कोशिंबिरीतही कूट. मिक्सरच्या भांड्याच्या रबरी वायसरात हे कूट आठवडाभर अडकून राहतं आणि मग त्याच भांड्यात मुलाची चटणी वाटली जाते. मी तुमच्या जागी असते तर घरातून शेंगदाणा पूर्ण हद्दपार केला असता. मोरधन म्हणजे भगर, राजगिरा, रताळी, बटाटा, ओल्या खोबऱ्याची आणि जिऱ्याची खिचडी, एवढ्यात एकादशी उत्तम होते. बाहेरची साबूदाणा खिचडी, मग ती सराफ्यातली असो की कोपऱ्यावरच्या ठेल्याची, आणि दुकानातलं फलाहारी मिक्श्चर या मुलासाठी नाहीच. कुठल्या यादीत सहसा न दिसणारी एक जागा सांगते: भाडभुंजा. गूळ-फुटाणे हा किती साधा प्रसाद! पण फुटाणे ज्या वाळूत भाजतात त्याच वाळूत शेंगदाणेही भाजले जातात. म्हणून फुटाणे घरी भाजा, नाहीतर लाह्या-बत्ताशांवर भागवा, आणि लाह्या कुठे फुटल्या तेही विचारून घ्या. नमकीनच्या दुकानात सेव बेसनाची असली तरी तोच झारा, तेच तेल, तेच तराजू.

चंपाषष्ठी मात्र तुमच्या मुलाचा सण आहे. होळकरांचं कुलदैवत मल्हारी मार्तंड, राजवाड्यात त्याचं देऊळ आहे, आणि नैवेद्य वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे. भरितात दाण्याचं कूट घालू नका, भाकरीवर लोणी-तूप नको, की झालं. खोबरं-भंडारा उधळताना त्याला पुढे उभं करा, एक दिवस तरी त्याला काहीच "चालत नाही" नसू दे. संक्रांतीच्या तिळगुळात दाणे असतातच, आणि खजराण्याला तिळचतुर्थीला तीळगुळाच्या लाडवांचा मोठा भोग लागतो, तेव्हा तिळाची तपासणी झाली नसेल तर डॉक्टरांशी बोला. तिळाची ॲलर्जी स्वतंत्र असते आणि कधी कधी फार तीव्र असते. आपल्या खाद्य प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांत दूध, शेंगदाणे, सुकामेवा, गहू, सोयाबीन, अंडी वगैरे पाकिटावर स्पष्ट लिहिणं बंधनकारक आहे, पण त्या यादीत तीळ नाही. आणि देवळातल्या द्रोणाला तर लेबलच नसतं.

देवळात जा. नक्की जा. मुलाला तीन वाक्यं पाठ करून द्या: "मला दूध आणि शेंगदाणे चालत नाहीत. आईला विचारल्याशिवाय मी काही खात नाही. मला फूल द्या." पुजारी फूल आनंदाने देतात, फूल हाही प्रसादच आहे. लाडू-पेढा तुमच्या हातात घ्या, कपाळाला लावा, डब्यात ठेवा, आणि हात धुतल्याशिवाय मुलाचा हात धरू नका. महालक्ष्म्यांच्या जेवणाला, मुंजीला, शेजारच्या ईदेला किंवा गुरुद्वाऱ्यात लंगरला जाताना त्याचा डबा बरोबर न्या आणि यजमानांना आदल्या दिवशी फोन करून सांगून ठेवा. आयत्या वेळी पंगतीत सांगितलं की यजमानांना अवघडतं, आणि मग "थोडंसं तर आहे" सुरू होतं.

तीव्र प्रतिक्रिया आली तर द्यायच्या इंजेक्शनाबद्दल सविस्तर लिहिते, कारण श्रद्धेच्या घरात मौल्यवान मिनिटं इथेच जातात. आधी मीठ-मोहरी ओवाळतात, मग अंगारा, मग हिंगाचं पाणी, मग पित्ताची गोळी, आणि मग गाडीची किल्ली शोधतात. पित्ताच्या गोळीने अंगावरचं पित्त बसतं, पण बंद होत चाललेला घसा उघडत नाही आणि पडत चाललेला रक्तदाब वर येत नाही. ते काम ॲड्रेनालिन करतं. काही देशांत पेनासारखी तयार सुई मिळते. आपल्याकडे ती सहज मिळत नाही, म्हणून आम्ही आईबापांना ॲम्प्यूल, म्हणजे औषधाची छोटी काचेची कुपी, फोडून सिरिंजमध्ये औषध भरायला शिकवतो. ॲम्प्यूलच्या एका मिलिलीटरमध्ये १ मिलिग्रॅम औषध असतं आणि मात्रा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे १८ किलोच्या मुलाला ०.१८ मिलिलीटर. ते मांडीच्या मध्यावर, बाहेरच्या बाजूला, स्नायूत द्यायचं. इन्सुलिनची सिरिंज वापरू नका, तिची सुई स्नायूपर्यंत पोचत नाही. तुमच्या मुलाची मात्रा तुमच्या डॉक्टरांकडूनच लिहून घ्या, सिरिंजवर खूण करून घ्या, आणि त्यांच्यासमोर साध्या पाण्याने सराव करा. तुम्ही करा, त्याचे बाबा करू देत, आणि सासूबाईंचे हात थरथरत नसतील तर त्यांनाही शिकवा.

केव्हा द्यायचं? ॲलर्जीची ही प्रतिक्रिया बहुतेक वेळा काही मिनिटांत, कधी दोन तासांपर्यंत दिसते. खाल्ल्यानंतर श्वासात घरघर, सततचा खोकला, आवाज बसणं, घसा आवळणं, चेहरा पांढरा पडून सुस्त होणं, यातलं काहीही एक दिसलं तरी द्या. अंगावर पित्त उठणं किंवा ओठ सुजणं, आणि त्याच वेळी उलट्या, असं दिसलं तरी द्या. गेल्या श्रावणात त्याला झालं ते याच प्रकारचं होतं. आडवं निजवा, पाय उशीवर वर. श्वास लागत असेल तर बसवा. उभं करू नका, चालवत गाडीकडे नेऊ नका. १०८ ला फोन करा. पाच मिनिटांनी फरक नसेल तर दुसरी मात्रा. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्या आणि काही तास तिथेच थांबा, कारण प्रतिक्रिया उलटून पुन्हा येऊ शकते. दमा असेल तर तो आटोक्यात ठेवा. जिवावर बेतलेल्या प्रसंगांत आटोक्यात नसलेला दमा वारंवार आढळतो. अनंत चतुर्दशीच्या झांक्या किंवा रंगपंचमीची गेर बघायला जाणार असाल तर दोन मात्रा जवळ हव्यातच, राजवाड्याच्या गर्दीतून बाहेर पडायला वेळ लागतो. आणि औषध स्कूटरच्या डिकीत नको. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, उन्हाने आणि उजेडाने हे औषध खराब होतं. गुलाबी किंवा तपकिरी दिसलं की टाकून द्या.

मग देवाला कधी हाक मारायची? सुई टोचून झाल्यावर, त्याच क्षणी. सासूबाईंना त्याच्या उशाशी बसू द्या, रामरक्षा म्हणू द्या. घाबरलेल्या मुलाला आजीचा ओळखीचा आवाज किती धीर देतो हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

रामरक्षेचंच आणखी एक सांगते. तिन्हीसांजेला तो आजीजवळ बसून म्हणत असेल, नसेल तर सुरू करा. त्यात डोक्यापासून पायांपर्यंत एकेका अवयवाचं रक्षण मागितलं आहे. जिभेचं आहे, कंठाचं आहे, हृदयाचं आहे. म्हणताना त्या त्या जागी हात ठेवायला शिकवा. जीभ टोचली, घशात काटे आल्यासारखं झालं, छातीत धडधडलं, तर लगेच सांगायचं, हेही तिथेच शिकवा. ॲलर्जीच्या मुलांची मोठी अडचण ही असते की सुरुवातीची लक्षणं त्यांना सांगता येत नाहीत, लाजेने किंवा शब्द नसल्याने. रोज संध्याकाळी स्वतःच्या जिभेची आणि कंठाची विचारपूस करणारं मूल वेळेवर सांगतं.

आता त्याचा प्रश्न. "बाप्पा माझ्यावर रागावलाय का?" याला "नाही रे वेड्या" एवढं उत्तर पुरणार नाही, कारण तो हा प्रश्न मनात पुन्हा पुन्हा विचारणार आहे. त्याने सरळ हिशेब केला आहे: सगळ्यांना प्रसाद मिळतो, मला मिळाला तर मी आजारी पडतो, आणि त्यानंतर मला पूजेलाच नेत नाहीत. त्यातून कोणतंही मूल हाच निष्कर्ष काढेल. त्याचा हिशेब बोलण्याने बदलणार नाही, त्याला पूजेत परत नेल्याने बदलेल. शब्दही द्या, पण खरे द्या: "तुझ्या शरीराला दूध आणि दाणे सोसत नाहीत. कुणाच्या डोळ्यांना चष्मा लागतो, कुणाला धाप लागते, तसं. बाप्पा रागावला म्हणून असं होत नाही." पूर्वजन्मीचं काहीतरी, आईने गरोदरपणी काय खाल्लं, कुणाची दृष्ट लागली, ही वाक्यं त्याच्या कानावर पडू देऊ नका. तुमच्याही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही काही केल्याने हे झालेलं नाही.

आणि एक गोष्ट कृपा करून टाळा. "रोज मनापासून प्रार्थना कर, मग बाप्पा तुला बरं करेल" असं त्याला सांगू नका. मोठी माणसं कळवळ्याने सांगतात. पण बरं झालं नाही तर मूल देवाला दोष देत नाही, स्वतःला देतं. माझी प्रार्थना कमी पडली, मी वाईट आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या तोंडून हे मी ऐकलं आहे, आणि ते काढायला पुढे फार कष्ट पडतात. काहींनी तर "आज माझा विश्वास पक्का आहे" म्हणून गुपचूप पेढा खाऊन बघितला. त्याला असं मागायला शिकवा: मला धीर दे, मला खरं सांगायची हिंमत दे, माझ्या आईला शांत झोप दे. आणि दुसऱ्यांसाठीही मागू दे. आजारी मुलाला सगळे फक्त देत असतात. त्याला द्यायला काही मिळालं की तो ताठ उभा राहतो.

धाकटीचं थोडक्यात. भावाला ॲलर्जी म्हणून तिच्यापासून दाणे लांब ठेवू नका. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं की ॲलर्जीचा धोका असलेल्या ज्या बाळांना वर्षाच्या आत सुरू करून पुढे नियमित शेंगदाणा दिला गेला, त्यांच्यात पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी फार कमी झाली. अख्खा दाणा कधीच नाही, घशात अडकतो. अगदी बारीक कूट पातळ करून. तिला तीव्र इसब असेल तर आधी तपासणी. घरातून दाणे हद्दपार करायचे म्हटलं, त्यामुळे तिला ते कुठे आणि कसे द्यायचे हे मात्र तुमच्या डॉक्टरांबरोबर ठरवा; काही आया माहेरी जाऊन देतात, हात-तोंड धुऊन परत येतात. उष्टावण तांदळाच्या पेजेने करा, मामाने चांदीच्या वाटीतून दिली की झालं. मध वर्षाच्या आत नाही, जिभेला चाटवायलासुद्धा नाही.

शेवटी नवस. तुम्ही खजराण्याला उलटा स्वस्तिक काढून आला असाल, आणि तो बरा झाला की त्याच्या वजनाइतके लाडू, असं काही बोलला असाल, तर त्यात चुकीचं काही नाही. फक्त "बरा झाला" हे कसं ठरणार ते आत्ताच ठरवून ठेवा. घरी थोडं दूध देऊन बघायचं, देवळात चमचाभर प्रसाद देऊन बघायचं, यातलं काहीही नाही. दुधाची ॲलर्जी बऱ्याच मुलांची वाढत्या वयात जाते. शेंगदाण्याची साधारण पाचातल्या एकाची. म्हणजे दोन्हींचा नवस एकत्र बांधला असेल तर सोडवून घ्या, दुधाचा वेगळा करा. दर वर्षी तपासणी, आकडे उतरत असतील तर दवाखान्यात, सुई आणि ऑक्सिजन तयार ठेवून, डॉक्टरांसमोर थोडं थोडं दूध देऊन पाहायचं. ती परीक्षा दवाखान्यातच. तिथे तो पास झाला की मग स्वस्तिक सरळ करायला जा. नवस मुलाला सांगू नका, त्याच्या तब्येतीवर आईचं काहीतरी अडलं आहे हे ओझं त्याला नको. आणि लाडवांऐवजी गूळ किंवा नारळ बोला. ज्या दिवशी त्याला तराजूत बसवाल त्या दिवशी त्याच्या भोवती शेंगदाण्याचा लाडू नसावा.

तुळेचं वजन होईल तेव्हा होईल. औषधाच्या मात्रेसाठी मात्र त्याला येत्या श्रावणाआधी काट्यावर उभं करा. वर्षभरात तो दोन-तीन किलोंनी वाढला असेल, मागच्या वर्षीच्या चिठ्ठीवरची मात्रा आता त्याला कमी पडेल.